अनुशेषाचे मोजमाप आणि आंतरविद्याशाखीय संशोधन : दांडेकर समितीच्या अहवालाचे चिकित्सक वाचन

गोषवारा

विद्यापीठीय ज्ञान सार्वजनिक धोरणात कसे उतरते, याचे विदर्भातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'अनुशेष' ही संकल्पना होय. १९८४ च्या दांडेकर समितीने ही संकल्पना मोजता येण्याजोगी केली. प्रस्तुत लेखात या मोजमापाचे यश आणि त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत. अनेक विषय शेजारी मांडल्याने संशोधन आंतरविद्याशाखीय होत नाही. एका विद्याशाखेने दुसऱ्या विद्याशाखेच्या मोजमापाच्या एककाला प्रश्न विचारला तरच ते तसे होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अनुशेष, प्रादेशिक असमतोल, विदर्भ, सार्वजनिक धोरण, आंतरविद्याशाखीय संशोधन.

प्रास्ताविक

विद्यापीठीय संशोधनाचा समाजाला काय उपयोग, हा प्रश्न आपल्याकडे चर्चासत्रांच्या उद्घाटनप्रसंगी नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा परदेशी विद्यापीठांची उदाहरणे देऊन दिले जाते. विदर्भातील अध्यापकांना त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. 'अनुशेष' हा शब्द आज यवतमाळच्या चहाच्या टपरीवर आणि नागपूरच्या विधानभवनात सारख्याच सहजतेने वापरला जातो. या शब्दामागे एक संशोधनपद्धती आहे, तिचे एक सूत्र आहे आणि त्या सूत्राने गेल्या चार दशकांत कोट्यवधी रुपयांच्या वाटपाच्या चर्चेला आकार दिला आहे, याचे भान मात्र फारसे राखले जात नाही. आपण अनुशेषाचे आकडे उद्धृत करतो. ते कसे सिद्ध झाले, हे तपासत नाही. एखाद्या साहित्यकृतीची समीक्षा करताना आपण तिच्या रूपाकडे पाहतो. धोरणविषयक अहवालाकडेही त्याच काटेकोरपणे पाहिले पाहिजे, या भूमिकेतून हे वाचन केले आहे.

पार्श्वभूमी

प्रादेशिक न्यायाचा प्रश्न राज्यनिर्मितीपूर्वीचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला निधी, शिक्षण आणि नोकऱ्या यांबाबत आश्वासने दिली. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. परंतु न्याय्य वाटा म्हणजे नेमका किती, हे करारात नव्हते आणि घटनेतही नव्हते. त्यामुळे १९६० नंतरची दोन दशके हा वाद भावनेच्या आणि आरोपांच्या पातळीवर राहिला. विदर्भाचे म्हणणे अन्याय झाला असे होते, शासनाचे म्हणणे तसे झाले नाही असे होते. दोघांनाही मान्य होईल असा मोजमापाचा पाया नव्हता.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दीर्घकाळ काम केलेले अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्राचे जाणकार. नीलकंठ रथ यांच्यासमवेत त्यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासाने देशभर चर्चा घडवून आणली होती. दारिद्र्यासारखी बहुपदरी गोष्ट मोजता येते आणि ती मोजल्याशिवाय तिच्यावर धोरण आखता येत नाही, हा त्या अभ्यासामागचा विश्वास होता. तोच विश्वास समितीच्या एप्रिल १९८४ मधील अहवालामागेही दिसतो.

समितीची पद्धती

समितीची पद्धती थोडक्यात अशी होती. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय सेवा अशा क्षेत्रांसाठी निर्देशक निवडले गेले. प्रत्येक निर्देशकाची संपूर्ण राज्याची सरासरी काढली गेली. जो जिल्हा या सरासरीच्या खाली असेल, त्याची तूट मोजली गेली आणि ती भरून काढण्यास येणारा खर्च रुपयांत मांडला गेला. हा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा त्या क्षेत्रातील अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याची आघाडी कोणाच्याही तुटीतून वजा करण्यात आली नाही. या रीतीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी रुपये होता.

या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. तिने एका राजकीय गाऱ्हाण्याचे पडताळता येण्याजोग्या विधानात रूपांतर केले. शासनाने हा अहवाल औपचारिकरीत्या स्वीकारला नाही. तरीही त्याचे आकडे नियोजनाच्या हिशेबात शिरले. जुलै १९८४ मध्ये विधिमंडळाने विकास मंडळांच्या मागणीचा ठराव केला आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. १९९५ मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने त्याच धाटणीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष मोजला. मंडळांच्या माध्यमातून राज्यपालांनी निधिवाटपाबाबत निर्देश दिले, त्यांचाही आधार हेच मोजमाप होते. एका विद्वानाच्या सूत्राला इतके दीर्घ सार्वजनिक आयुष्य लाभल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीच आहेत. समितीवरील पुढील टीका हे श्रेय मान्य करूनच वाचावी.

आकड्यांचे वाचन

निर्देशांक व अनुशेष समितीने काढलेला एकूण अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये होता. त्यात विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी रुपये अशी विभागणी होती. सार्वजनिक चर्चेत १९८४ आणि १९९४ चे आकडे शेजारी ठेवून 'विदर्भाचा अनुशेष पाचपट वाढला' असे सांगितले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वर्षांच्या किमतींत आहेत आणि दोहोंमधील राज्य सरासरीही वेगळी आहे. किमती वाढल्या की तूट तेवढीच राहूनही रुपयांतील अनुशेष फुगतो. सरासरी वर सरकली की जिल्ह्याने प्रगती करूनही तो मागेच राहतो.

या दोन आकड्यांतून विश्वासार्ह असे काय काढता येईल? किमतींचा परिणाम बराचसा वगळायचा असेल तर रकमांऐवजी वाटे पाहिले पाहिजेत. १९८४ मध्ये एकूण अनुशेषातील विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के होता, तो १९९४ च्या हिशेबात ४७.२९ टक्के झाला. मराठवाड्याचा वाटा २३.५६ वरून २८.५९ टक्क्यांवर गेला, तर उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ वरून २४.१२ टक्क्यांवर उतरला. म्हणजे मागासलेपण उर्वरित महाराष्ट्रातून तुलनेने लवकर कमी होत गेले आणि विदर्भ-मराठवाड्यात साचत गेले. हा निष्कर्ष 'पाचपट वाढ' या घोषणेइतका आकर्षक नाही. परंतु तो अधिक भक्कम आहे आणि विदर्भाची बाजू त्याने दुबळी न होता बळकट होते.

याच आकड्यांतील आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. १९८४ मध्ये एक तृतीयांशाहून अधिक अनुशेष उर्वरित महाराष्ट्रातील जिल्ह्यांत होता. समितीचे एकक जिल्हा होते, म्हणूनच हे दिसू शकले. राजकारणाने मात्र ते एकक पुन्हा प्रदेशात विरघळवून टाकले. विदर्भाच्या आतही तेच घडले. सिंचनाचा अनुशेष पुढील काळात प्रामुख्याने अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या चार जिल्ह्यांत उरला. विदर्भाच्या नावाने होणारी मांडणी मात्र बहुतांशी नागपुरातून होत राहिली. सरासरी जशी जिल्ह्यातील तालुक्याला झाकते, तसे प्रदेशाचे नाव त्यातील दुर्बळ जिल्ह्याला झाकते.

एककाचा प्रश्न

यापुढील आक्षेप अधिक मूलभूत आहे. अनुशेषाचे सूत्र सुविधा मोजते. किती किलोमीटर रस्ता, किती खाटा, किती वीजजोडण्या, किती हेक्टर सिंचनक्षमता, असे तिचे प्रश्न आहेत. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे, कारण सुविधांची नोंद शासनाकडे असते आणि त्यांची किंमत काढता येते. परंतु येथे इतर विद्याशाखांनी हस्तक्षेप करावयास हवा होता.

सिंचनाचे उदाहरण घेऊ. निरनिराळ्या हंगामांतील पिकांना लागणारे पाणी एका मापात यावे म्हणून अनुशेषाच्या हिशेबात सिंचन 'रब्बी समतुल्य' हेक्टरमध्ये मांडले गेले. हिशेबाच्या सोयीसाठी हे योग्यच होते. मात्र अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा या मापात कोठे बसतो? तेथील भूजल क्षारयुक्त असल्याने विहिरीवर वीजजोडणी दिली तरी ते पाणी पिकाला व पिण्याला सारखेच अडचणीचे ठरते. तेथील काळ्या चिकण जमिनीत निचऱ्याचा प्रश्न असल्याने कालव्याचे पाणीही जपूनच द्यावे लागते. वीजपंपांचा अनुशेष भरून निघाल्याची नोंद आणि शेतकऱ्याच्या स्थितीतील सुधारणा या तेथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हे भूगर्भशास्त्रज्ञ आणि मृदाशास्त्रज्ञ सांगू शकतात, पण निर्देशक ठरताना त्यांचा प्रश्न केंद्रस्थानी नव्हता.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची गोष्ट याच्या उलट दिशेने तेच सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेले हे हजारो तलाव गोंड राजवटीच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कौशल्याने उभे राहिले. मालगुजारी नष्ट करणाऱ्या १९५० च्या कायद्यानंतर ते शासनाकडे आले. त्यांच्या पाण्यावर गावाचे निस्तार हक्क होते आणि देखभालीची एक रूढ व्यवस्था होती. मालकी बदलली तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी झाली आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. अशा प्रदेशात सिंचनाची तूट म्हणजे काही अंशी नव्याने बांधावयाचे काम, तर काही अंशी मोडलेले सामाजिक नाते असते. पहिल्याची किंमत अभियंता काढतो. दुसऱ्याचे स्वरूप कळण्यास इतिहास, विधी आणि मानवशास्त्र लागते. सूत्राने दोहोंना एकाच प्रकारची तूट मानले आणि साहजिकच नव्या बांधकामाकडे कल झुकला.

या कलाची किंमत गोसीखुर्द प्रकल्पात दिसते. वैनगंगेवरील या प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झाले. सुमारे ३७२ कोटी रुपयांच्या मूळ अंदाजाचा हा प्रकल्प, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळूनही, रेंगाळत राहिला आणि त्याचा सुधारित खर्च १८ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. या दिरंगाईस प्रशासकीय आणि राजकीय कारणे आहेत. तिचा दोष मोजमापाच्या पद्धतीवर ढकलणे अन्यायाचे होईल. तथापि ज्या हिशेबात निर्मित क्षमता आणि खर्च झालेला रुपया हीच प्रगतीची खूण असते, त्या हिशेबात पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले का, हा प्रश्न विचारण्यास जागा उरत नाही.

तिसरी उणीव याहून वेगळी आहे. अनुशेष केवळ जे नाही ते मोजतो. एखाद्या प्रदेशावर जे लादले गेले, ते मोजत नाही. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांतून राज्याला वीज मिळते. त्यांची राख, धूर आणि पाण्याचा वापर हा भार स्थानिकांवर पडतो. अनुशेषाच्या खातेवहीत या भारासाठी स्तंभ नाही. पर्यावरणशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांच्या सहभागाशिवाय तो स्तंभ आखताही येणार नाही.

दोन प्रति-उदाहरणे

एका विद्याशाखेने दुसरीचे एकक बदलले म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे विदर्भातच आहेत. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांनी जानेवारी २००६ मध्ये राज्य शासनाला अहवाल सादर केला. आत्महत्या झालेली कुटुंबे आणि त्याच परिसरातील तशी घटना न घडलेली कुटुंबे यांची तुलना ही त्याची पद्धत होती. रोगाचे कारण शोधताना साथरोगशास्त्रज्ञ जी रीत वापरतात, ती येथे अर्थशास्त्रज्ञाने स्वीकारली. त्यामुळे एकक जिल्ह्यावरून घरावर आले आणि कर्जबाजारीपणा, घरच्या आर्थिक स्थितीची घसरण यांसारखे घटक तुलनेने तपासता आले.

परंतु धोरणाने हे नवे एकक पुरतेपणी स्वीकारले का? जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यातील निम्म्याहून अधिक रक्कम सिंचन प्रकल्पांसाठी होती. सिंचनाची गरज कोणी नाकारणार नाही. तरीही घराच्या पातळीवर पतपुरवठा आणि उत्पन्न यांचे जे संकट दिसले, त्याला दिलेल्या उत्तराचा सर्वांत मोठा भाग अनुशेषाच्याच परिचित भाषेत लिहिला गेला, हे लक्षणीय आहे. कापूस पट्ट्यातील भावाची जोखीम, जिनिंग उद्योगाची स्थिती, १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या अस्तानंतर बदललेला बाजार हे वाणिज्य विभागांनी हाती घेण्याचे विषय आहेत. अनुशेषाच्या निर्देशकांत त्यांना स्थान नव्हते, म्हणून धोरणाच्या नजरेतही ते उशिरा आले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिच्या क्षेत्रीय चाचणीत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आरोग्याचा अनुशेष खाटांत आणि इमारतींत मोजणाऱ्या दृष्टीला येथे उत्तर मिळते. वैद्यकशास्त्राने गावाची भाषा आणि बाळंतपणाच्या चालीरीती समजून घेतल्या, तेव्हा मोजण्याची गोष्टच बदलली : इमारतींच्या जागी जगलेली बालके मोजली गेली. मात्र हे काम विद्यापीठाच्या आवाराबाहेर झाले, याची नोंद आपण अध्यापकांनी घेतली पाहिजे.

केळकर समिती आणि विद्यापीठांचे मौन

२०११ मध्ये नेमलेल्या डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. डिसेंबर २०१४ मध्ये तो विधिमंडळात मांडण्यात आला. जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे पाहण्याचा आणि अनुशेषाच्या संकल्पनेपलीकडे जाण्याचा तिचा प्रयत्न होता. विदर्भातून त्यावर प्रखर टीका झाली. जुना हिशेब चुकता होण्यापूर्वीच मोजपट्टी बदलली जात आहे, ही शंका निराधार म्हणता येत नाही. तथापि ती टीका प्रामुख्याने वाट्याच्या टक्केवारीवर झाली. तालुका हे एकक योग्य की अयोग्य, यावर विदर्भातील विद्यापीठांमधून ज्या तोलाची चर्चा अपेक्षित होती, ती प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आली नाही. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. अशा काळात मोजमापाची जबाबदारी विद्यापीठांनी घेणे अधिकच आवश्यक ठरते.

नागपुरात त्यासाठी लागणारी सामग्री आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आणि विश्वेश्वरय्या तंत्रसंस्था या एकाच शहरात आहेत. त्यांच्या नियंत्रक यंत्रणा निरनिराळ्या असल्या, तरी त्यांचा अभ्यासविषय झालेली माती आणि पाणी एकच आहे.

आपल्या अडचणीचे मूळ आपल्या मूल्यमापनातही आहे. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी अध्यापकाचे संशोधन गुणांकात मोजण्यास आरंभ केला. त्यानंतर नियतकालिकांच्या मान्य याद्या आल्या आणि २०२५ मध्ये 'केअर' यादी बंदही झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीयतेचा पुरस्कार केला आहे. पण जो अध्यापक मृदाशास्त्रज्ञासोबत तीन वर्षे एका तालुक्यात काम करील, त्याच्या पदरात त्या काळात फारसे गुण पडत नाहीत. शोधनिबंधांची संख्या मोजणारी व्यवस्था आणि हेक्टर मोजणारी व्यवस्था यांच्यात दोष एकच आहे : दोन्हीकडे साधन मोजले जाते, परिणाम मोजला जात नाही. शासनाच्या मोजमापावर टीका करणाऱ्या प्राध्यापकवर्गाने आपल्याही मोजमापावर तितकेच बोलले पाहिजे.

समारोप

दांडेकर समितीने विदर्भाला एक भाषा दिली. ती भाषा टाकून द्यावी, असे या लेखाचे म्हणणे नाही. न्याय्य वाट्याची मागणी करण्यासाठी तिची आजही गरज आहे. पण समितीच्या अहवालाचा खरा वारसा त्यातील रकमांपेक्षा त्यामागील वृत्तीत आहे. वादग्रस्त गोष्ट मोजावी, पद्धत उघड ठेवावी आणि कोणालाही ती तपासता यावी, ही ती वृत्ती होय.

हे काम महाविद्यालयाच्या पातळीवर सुरू होऊ शकते. एक तालुका निवडावा. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातील शासकीय आकडे अर्थशास्त्र विभागाने घ्यावेत. भूगोल विभागाने पाण्याची आणि जमिनीची नोंद करावी, वाणिज्य विभागाने शेतमालाच्या व्यवहाराची, समाजशास्त्र विभागाने हक्कांची आणि रूढींची. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून दरवर्षी त्याच गावांत जाता येते. या नोंदी एकत्र आल्यावर प्रत्येक विभागाने दुसऱ्याला एकच प्रश्न विचारावा : आपण जे मोजले, ते मोजण्याजोगे होते का? हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुढील समिती विदर्भात येईल तेव्हा तिच्यापुढे ठेवण्यासाठी आपल्याजवळ गाऱ्हाण्यासोबत पुरावाही असेल.